बी, बटाट्यातला

मित्राला बिल पाठवायचं नसतं, असा माझा समज होता. तो खरा होता, पण मित्राने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढेपर्यंतच.

हा मित्र कोल्हापूरचा. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर, त्यानंतर पंचगंगेच्या घाटावर एका पायरीवर. त्याने आईच्या हातच्या कांदा-लसूण मसाल्याचा धंदा सुरू केला आणि मी पुण्यात घरी बसून लोकांची लेबलं, पाकिटं डिझाइन करू लागलो. "भावा, पाकीट तूच करायचं. पैशाचं बघू," तो म्हणाला. पाकीट झालं. पैशाचं बघायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "बिल पाठव. बिलाशिवाय अकाउंटंट पैसं सोडत नाही."

प्रेमपत्राला लागला नव्हता एवढा वेळ मला त्या बिलाला लागला. ज्याला तीस वर्षं टोपणनावाशिवाय हाक मारली नाही, त्याला 'प्रति, मा. संचालक' लिहायचं. त्याचं पाळण्यातलं नाव काय ते आठवायला बायकोला लग्नाचा अल्बम काढावा लागला. खाली 'आपला विश्वासू' लिहिलं. दोन मिनिटांत त्याचा फोन. "विश्वासू कोण रं हा?"

बिलावर पॅन नंबर टाकायचा राहिला होता. तो मी तेव्हाच फोनवर सांगितला. मागे मिरची कांडप मशीन धाडधाड चाललेलं. तो ओरडून विचारत होता, मी ओरडून सांगत होतो. जानेवारीतल्या त्या बिलाचे 28 हजार मात्र चोख जमा झाले.

फेब्रुवारीत दुसरं बिल, 32 हजारांचं. खात्यात आले 26 हजार. पैसे देणारा दहा टक्के कर आधीच कापून सरकारकडे भरतो, एवढं ऐकून होतो. मी गणितात कच्चा आहे, पण 32 चे दहा टक्के सहा होत नाहीत एवढं मलाही कळतं. आता मित्राला विचारावं कसं? विचारलं तर संशय, नाही विचारलं तर सहा हजार. दोन दिवस कुढलो आणि तिसऱ्या दिवशी सीए बाईंकडे गेलो.

बाई म्हणाल्या, "बरोबर कापलाय. कलम 194 जे. वर्षाचे 30 हजार होईपर्यंत टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, नाही; पण हद्द ओलांडली की पहिल्या रुपयापासून दहा टक्के." म्हणजे लग्नात गाठून साखरपुड्याचाही आहेर वसूल करायचा. (1 एप्रिल 2025 पासून ही हद्द 50 हजार झाली. माझं काम फेब्रुवारीत संपलं. असो.)

मी कुठूनतरी ऐकलं होतं की काही व्यावसायिकांना निम्मं उत्पन्न नफा म्हणून दाखवून मोकळं होता येतं, वह्या-पावत्यांची कटकट नाही. बाईंनी यादी वाचली: वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, इंटिरियर डेकोरेटर...

"मीही डेकोरेशनच करतो की," मी म्हणालो.

"यादीत इंटिरियर आहे. तुम्ही पाकीट बाहेरून सजवता."

तेव्हा पावत्या शोधणं आलं. इंटरनेटचं बिल सापडलं, लॅपटॉपचं सापडलं, प्रिंटरच्या शाईचं बिल शाईनेच भिजलेलं सापडलं. मग बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "मित्राकडून पैशांशिवाय आणखी काही मिळालं?"

"पाच किलो मसाला."

"कामाच्या बदल्यात वस्तू मिळाली तरी ते उत्पन्नच असतं. किंमत लावा. वीस हजारांच्या आत आहे ना? नाहीतर त्यावरही टीडीएस."

"बाई, वीस हजारांचा मसाला खाल्ला असता तर मी तुमच्यासमोर असा बसू शकलो असतो का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर 'मसाला' असं लिहून पुढे रेघ ओढली. तेव्हापासून घरी आमटीत चमचाभर मसाला पडला की आपण उत्पन्न खातोय असं वाटतं.

खरी मौज जूनमध्ये. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण कंपनीने 31 मेपर्यंत भरायचं असतं. ते झालं की आपले कापलेले पैसे आयकर खात्याच्या 26 एएस नावाच्या तक्त्यात दिसणार होते. मी रोज सकाळी अंघोळीआधी तो उघडायचो. शेतकरी आभाळाकडे बघतो तसं. कोरडं ठणठणीत. तिथे तो डिडक्टर, मी डिडक्टी; त्याने कापायचं, मी वाट बघायची. शेवटी धीर करून फोन केला.

"भरल्यात की! चलन आहे माझ्याकडं," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. पुढचा आठवडाभर आमचं बोलणं बंद. तीस वर्षांत पहिल्यांदा. मॅट्रिकला त्याने माझी वही पाण्यात टाकली तेव्हासुद्धा दोनच दिवस बंद होतं.

जुलैत त्याचाच फोन. "नोटीस आलीय. पॅन चुकीचा असला तर दहा न्हाई, वीस टक्के कापायला पायजे होता म्हणं. उरल्यालं सहा हजार मी भरायचं! तुझं शेवटचं अक्षर काय?"

"बी."

"अकाउंटंटनं डी लिवलंय."

"मी सांगितलं होतं, बी, बटाट्यातला!"

"मशीन चालू हुतं रं. मला डबड्यातला ऐकू आलं."

पॅनचं शेवटचं अक्षर आधीच्या नवांवरून ठरलेलं असतं, त्यामुळे त्या डबड्यातल्या डीचा माणूस भारतात कुठेच नव्हता. नसलेल्या माणसाने कर भरला होता आणि असलेला कोरडा बसला होता. अकाउंटंटने दुरुस्तीचं विवरण भरलं. त्याची नोटीस विरली, माझ्या तक्त्यात 6,000 उगवले. माझ्या आयकर विवरणपत्राची मुदत त्या वर्षी सरकारनेच 31 जुलैवरून सप्टेंबरात ढकलली होती, म्हणून निभावलं.

माझी वर्षाची कमाई इतकी बेताची, की कर शून्य निघाला. ऑक्टोबरात सगळे सहा हजार परत आले, वर 210 रुपये व्याज. आनंदाने बाईंना फोन केला. "अभिनंदन," त्या म्हणाल्या, "ते 210 पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचे बरं का."

फोन ठेवतोय तोवर कोल्हापूरचा आला. "भावा, दिवाळी तोंडावर आली. चिवडा मसाल्याचं पाकीट करायचंय. आणि अकाउंटंट नवा आहे, तुझा पॅन पुन्यांदा सांग."

मागे धाडधाड चालूच होतं.

"आधी मशीन बंद कर," मी म्हणालो.