इथं खोल कुठे आहे?

नागपुरात शहाणी माणसं मासे धरत नाहीत, मंगळवारी नावाच्या बाजारातून आणतात. मी रविवारी सकाळी हिंगण्यापलीकडच्या मोहगाव झिलपीला गेलो. धरायलाही नाही, नुसता तलाव पाहायला. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पाणी कुठे किती हेच ठाऊक नसेल तर गरी सोडायची किती खाली? म्हणून सुतळीला हात-हातभर अंतरावर गाठी मारून टोकाला जाडजूड नट बांधला होता.

पाळीवर बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा होतो. शेळ्या घेऊन एक काका आले.

"काका, इथं सगळ्यात खोल कुठे आहे?"

काकांनी आधी मला पाहिलं, मग सुतळीला, मग नटाला.

"घरी भांडण झालं का जी?"

"नाही हो, मी मासे..."

"कर्ज आहे?"

"घराचं आहे, पण..."

"मायावर सोसायटीचं आहे. मी आलो का पाण्यात?"

मी समजावू लागलो, की मरळ गवतात लपते, श्वास घ्यायला वर येते, मग बुडबुडे दिसतात...

"बुडबुड्याचं नावच काढू नका!" काकांनी माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा पुढे केला. "खा. डोकं शांत होते."

तेवढ्यात मोटरसायकलवरची दोन पोरं थांबली. एकानं मोबाईल काढून माझ्यावर रोखला, दुसऱ्यानं बायकोचा नंबर मागून तिला फोन लावला. तिनं, माझ्या हक्काच्या माणसानं, स्पीकरवर सांगितलं, "आजकाल तसे गप्पगप्पच असतात."

काका माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिले.

फुटाळा तलावावर लोक तासन्‌तास पाण्याकडे बघत बसतात, त्यांना कोणी कर्ज विचारत नाही. अंबाझरीत जलपर्णी माजते. निर्माल्य पिशवीसकट पाण्यात जातं आणि टाकणारा वर हातही जोडतो. त्याचं मनगट धरायला एक काका येत नाही. काही काम घेऊन तलावावर गेलेला माणूस तेवढा संशयित! मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, गरीला परवानगी कोणाची लागते, हेही विचारायचं होतं. पण 'परवानगी' म्हणताच काका म्हणाले, "अशा कामाची परवानगी कोणीच देत नाही जी."

पोरांनी मला गाडीपर्यंत सोडलं, किक मारेपर्यंत हलले नाहीत. सुतळी काकांनी ठेवून घेतली. नटासकट. मी निघालो तेव्हा त्याच सुतळीनं ते एक बोकड बांधत होते.