ढीग उन्हानं तापत नाही, दादा

दादा, नमस्कार.

पाचटाच्या कंपोस्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झोडपलंय. दूध संघाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून आलेला मार आहे, त्यामुळं दोन दिवस थांबून उत्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं: ६३ अंशांवर अर्धा तास ठेवलं की दुधातले जंतू मरतात, मग ६५ अंशांच्या ढिगात जिवाणू 'सुखानं नांदतात' हे माझं वाक्य म्हणजे थाप. ढीग तापतो तो उन्हानं. आणि 'एन्झाइम' (सजीवांमधल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) हा कल्चरच्या, म्हणजे ढिगात टाकायच्या जिवाणूंच्या, पुड्या विकणाऱ्यांचा शब्द.

आधी ऊन. आमचा ढीग कागलजवळ, गोठ्यामागं आंब्याखाली आहे. भर दुपारीही तिथं सावलीच. पौषात एकदा सळई रात्रभर ढिगात खुपसून ठेवली आणि सकाळी साडेसहाला ओढली. वरचा वीतभर भाग गार, खालचं टोक हातात धरवेना. थर्मामीटर घातला तर ६१. त्या वेळी कोल्हापुरात माणसं स्वेटर घालून चहाच्या गाड्यावर उभी होती. शिवाय ढिगाला पलटी मारली की तो थंड पडतो आणि दोन-तीन दिवसांत परत चढतो. तिसऱ्या-चौथ्या पलटीनंतर मात्र चढतच नाही. ऊन तेच असतं हो, संपलेलं असतं ते खाणं. पाचटातली साखर आणि सेल्युलोज, म्हणजे काडीकचऱ्याचा चिवट धागा, हवेच्या मदतीनं जाळताना जिवाणूंच्या अंगातून जी उष्णता निघते, तीच ढिगात कोंडून राहते.

आता तुमचे ६३ अंश. आकडा बरोबरच आहे, पण तो क्षय, क्यू ताप असल्या रोगांच्या जंतूंवर बेतलेला आहे, सगळ्या जिवाणूंवर नव्हे. पाश्चराइज केलेलं दूध फ्रीजबाहेर राहिलं तर नासतंच की नाही? कुणीतरी वाचलेलं असतं म्हणूनच. ढिगातला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस तर ५५-६० अंशांनाच खुलतो, गारठ्यात त्याची वाढ थांबते. आणि त्याचे बीजाणू इतके चिवट, की १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, नीट चालतोय का हे बघायला तेच वापरतात. ते मेले तर यंत्र पास.

एन्झाइमबद्दल तुम्ही असं लिहावं याचं मात्र नवल वाटलं. दूध नीट पाश्चराइज झालं का हे बघायला फॉस्फटेज टेस्ट असते, ती तुमच्या हाताखालून हजारदा गेली असेल. फॉस्फटेज म्हणजे दुधातलं एन्झाइमच! ते पाश्चरायझेशनमध्ये निकामी होतं म्हणून तर ती टेस्ट चालते. खरा प्रश्न हा, की ढिगातलं एन्झाइम त्याच तापमानाला निकामी का होत नाही. दोन्ही प्रथिनंच, पण उष्णताप्रेमी जिवाणूंच्या प्रथिनांची घडी जास्त घट्ट असते. आतला भाग ठासून भरलेला, आणि बाहेरून धन-ऋण भारांचे टाके जास्त. म्हणून अंड्याच्या पांढऱ्यासारखी ती गोठून बसत नाहीत. जिवाणूला पाचटाचा तुकडा गिळता येत नाही, तो हीच एन्झाइमं बाहेर सोडून सेल्युलोजचे तुकडे पाडतो आणि साखर शोषून घेतो. पुडी न टाकताही हे होतं, कारण शेणामातीत हे जिवाणू आधीपासूनच असतात. पुड्यांवरच्या तुमच्या रागात मी सामील आहे.

एक चूक पदरात घेतो. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, तिचं टॅक एन्झाइम कंपोस्टमधून आलं असं मी लिहून गेलो. तुम्ही पकडलंत ते बरोबर. तो जिवाणू, थर्मस ॲक्वाटिकस, अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला, १९६९ साली नोंदलेला. त्याचे भाऊबंद गरम कंपोस्टमध्येही सापडलेत, पण म्हणून माझं वाक्य खरं ठरत नाही.

'मग प्लास्टिकची बाटलीही ढीग खाईल' हा तुमचा टोमणा मला आवडला, कारण तो नेम सोडून फार लांब पडलेला नाही. जपानमध्ये पानाफांद्यांच्या कंपोस्टमधल्या डीएनएतून एक एन्झाइम मिळालं, २०१२ साली ते जाहीर झालं. फ्रान्समध्ये त्यात फेरफार करून २०२० साली दाखवलं, की ७२ अंशांवर दहा तासांत ते पेट प्लास्टिकचं, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचं, ९० टक्के विघटन करतं. तेवढ्या तापमानाला पेट नरम पडतं, म्हणून तापमान सोसणारं एन्झाइमच लागतं. पण ते सुधारलेलं एन्झाइम आणि आधी प्रक्रिया करून दळलेलं प्लास्टिक. आपल्या ढिगात बाटली टाकलीत तर नातवंडांना जशीच्या तशी मिळेल.

राहता राहिली तुमच्या ढिगातली 'राख'. ढीग जळाला म्हणून तुम्ही त्यावर बादल्या ओतल्यात, हे वाचून हळहळलो. ती राख नव्हे. गरम थरात ॲक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू वाढतात, त्यांचा तो पांढुरका थर. फार दाट दिसला तर ढीग आतून कोरडा पडलाय एवढंच समजायचं. मूठ आवळल्यावर पाण्याचा थेंब जेमतेम दिसेल इतपत ओल पुरे. आता बादल्या ओतल्याच आहेत, तर आधी पलटी मारा, नाहीतर आत हवा जाणार नाही आणि वास सुटेल. पलटी मारताना नाकाला रुमाल बांधा. ती पांढरी भुकटी छातीत गेलेली चांगली नसते.