रूपकुंडचं गूढ उकललेलं नाही

उत्तराखंडच्या हिमालयातलं रूपकुंड तळं आणि तिथे सापडलेले शेकडो मानवी सांगाडे यांवरचा लेख छान जमलाय, पण ‘रूपकुंडला नवव्या शतकात एकाच गारपिटीत सगळे यात्रेकरू गेले आणि गूढ उकललं’ हे वाक्य खटकलं. तो तर्क २००४च्या मोहिमेनंतरचा. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोलसर आघातांच्या खुणा होत्या, म्हणून गारा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही त्या अभ्यासात सहभाग होता. पण २०१९ साली ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास आला आणि चित्रच पालटलं. २३ जण दक्षिण आशियाई, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातले, आणि तेही एका झटक्यात गेलेले दिसत नाहीत. १४ जण पूर्व भूमध्य भागातल्या वंशाचे, मेले १८००च्या आसपास, म्हणजे जवळपास हजार वर्षांनी! उरलेला एक आग्नेय आशियाई.

मातीचे थर पाहून कोण आधी, कोण नंतर हा क्रम लावावा, तर तिथे थरच शाबूत नाहीत. पाच हजार मीटरवर दरडी, बर्फ आणि हाडं हलवणारे, उचलून नेणारे ट्रेकर्स यांनी सगळं कालवून टाकलंय. क्रीट-ग्रीसकडच्या वंशाची माणसं, त्यांत बायकाही, तिथे कशासाठी चढली हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. वाचक अडकतो तो इथेच, आणि लेखात नेमकं हेच गाळलंय. पुढच्या भागात जरूर घ्या.