फ आणि म ची अदलाबदल करा, पिक्चर तयार

आमचे नानाकाका एकदा इंदूरच्या राजवाड्याजवळच्या फुटपाथवरून तीस रुपयांची डीव्हीडी घेऊन आले. त्या महिन्यात एलियनवाला एक मोठा इंग्लिश पिक्चर टॉकीजला लागला होता, तिकिटं महाग, घरात माणसं नऊ, मग काकांनी हिशोब केला. कव्हर एकदम झकास, शहरावर हे भलंमोठं यान, खाली आग, एक हेलिकॉप्टर कोसळतंय, आणि नाव तेच. म्हणजे जवळपास तेच. रात्री जेवणं आटपून रामबागेतल्या आमच्या खोलीत सेव-परमलचं, म्हणजे सेव-कुरमुऱ्यांचं पातेलं मधे ठेवून सगळे बसलो आणि पुढची वीस मिनिटं एक बाई आणि दोन माणसं एका बोळकांडीत उभी राहून बोलत होती. मग दुसऱ्या बोळकांडीत बोलली. ती तीच होती, फक्त लाइट निळा केला होता. चुलतभाऊ म्हणाला काका यान कधी येणार, काका म्हणाले थांब रे, माहौल बनवतायत. यान आलं. चार सेकंद, तेही त्या पिक्चरमधल्या टीव्हीवर. संपल्यावर ताईनं कव्हर वाचून दाखवलं की नावात घोटाळा आहे, तर काका शांतपणे म्हणाले, इंग्लिशमधे दोन्ही स्पेलिंग चालतात.

तुम्हाला जर सायन्स फिक्शन पिक्चर बनवायचा असेल आणि खिशात पैसे नसतील तर नानाकाकांचा फोटो देव्हाऱ्यात लावा, कारण तुमचा सगळा धंदा त्यांच्यावर आहे. घाईत असलेला, चष्मा घरी विसरलेला, आणि फसलो हे मरेपर्यंत कबूल न करणारा माणूस. असा गिऱ्हाईक मिळाल्यावर चांगला पिक्चर कशाला बनवायचा.

स्टोरी वगैरे लिहायला बसू नका. आधी कॅलेंडर बघा. मोठा पिक्चर कुठल्या शुक्रवारी येतोय ते हेरा आणि त्याच्या आठवडाभर आधी आपला माल दुकानात पाहिजे. अमेरिकेत याला मॉकबस्टर म्हणतात आणि हे काम अगदी मन लावून करणारी द असायलम नावाची एक कंपनी १९९७ पासून आहे. २००५ मधे स्पीलबर्गचा वॉर ऑफ द वर्ल्ड्स यायचा होता, टॉम क्रूझवाला, तर यांनी पण त्याच नावाचा काढला. चोरी म्हणता येईना, कारण मूळ कादंबरी एच. जी. वेल्सची, १८९८ ची, अमेरिकेत तिचा कॉपीराइट कधीच संपलेला, ज्याला पाहिजे त्यानं मंगळवासी उतरवावेत. त्या एका वर्षात या नावाचे तीन-तीन पिक्चर आले. आणि डीव्हीडी भाड्यानं देणारी जी मोठी साखळी होती तिनं असायलमच्या वॉर ऑफ द वर्ल्ड्सच्या एक लाख कॉप्या मागवल्या. त्या साखळीचं नाव होतं ब्लॉकबस्टर. मॉकबस्टरचं पोट ब्लॉकबस्टरनं भरलं, याहून चांगला मुहूर्त कुठल्या ज्योतिषानं काढून दिला असता.

मग नाव. नावावर मेहनत घ्या, बाकी कशावर नाही घेतली तरी चालेल. २००७ मधे ट्रान्सफॉर्मर्स यायच्या आठवडाभर आधी असायलमचा ट्रान्समॉर्फर्स आला. आता हे दोन शब्द मराठीत एकाखाली एक लिहून बघा. लिहिलेत? फ च्या जागी म आणि म च्या जागी फ, एवढंच. एवढ्यात पिक्चर झाला. आपल्याकडे शाळेत अशी चूक केली तर बाई पट्टी मारायच्या, तिकडे त्यावर लोकांचे फ्लॅट झाले. पुढे पॅसिफिक रिम आला तर यांचा अटलांटिक रिम, म्हणजे भूगोलाचं पुस्तक समोर असलं तरी पुरे, समुद्र बदलत जायचं.

स्क्रिप्टचं म्हणाल तर पृथ्वी आधीच हरलेली दाखवा. ही युक्ती ट्रान्समॉर्फर्समधून सरळ उचला, त्यात यंत्रांनी कधीकाळी पृथ्वी जिंकलीय आणि माणसं जमिनीखाली राहतात. जमिनीखाली का? कारण जमिनीवर शहर दाखवावं लागतं आणि शहराला पैसे लागतात, खाली फक्त बोळकांडी. तुमच्या कॉलनीचं बेसमेंट पार्किंग आहे ना, झालं मग, फक्त स्कूटरवर चादरी टाका. आणि त्या चादरी सोलापुरी असतील तर उलट्या बाजूनं टाका, भविष्यात तेवढा मोर दिसता कामा नये.

तसं लोकेशनच्या बाबतीत आपण इंदूरवाले नशीबवान. जगबुडीनंतरचं शहर पाहिजे तर हुकुमचंद ही कापडाची मिल १९९१ पासून बंद आहे, पण लवकर जा, तिथं नवीन काहीतरी उभं राहायचं म्हणतायत. हॉलिवूडवाले दर पिक्चरमधे व्हाइट हाउस उडवतात तसं आपण राजवाडा उडवावा असं वाटणं साहजिक आहे, पण त्यात थ्रिल राहिलेलं नाही, तो आजवर तीनदा जळून झालाय, शेवटचा १९८४ ला, आणि आमचे आजोबा असते तर म्हणाले असते की तुझ्या एलियनला म्हणावं नंबर लाव.

गर्दीच्या सीनला मात्र एक पैसा देऊ नका. रंगपंचमीची गेर कशासाठी आहे? बाहेरगावच्यांसाठी सांगतो, त्या दिवशी राजवाड्यासमोर लाखो माणसं रस्त्यावर, टँकर चालतायत, त्यांच्यावरच्या मशिनी गुलाल बिल्डिंगच्या वरपर्यंत फेकतायत, आकाश गुलाबी, हवेत धूर, माणसं हिरवी, जांभळी, चंदेरी, आणि सगळी ओरडत पळतायत. परग्रहावरची क्रांती दाखवायला तिकडे दोनशे लोकांचं मेकअप डिपार्टमेंट बसतं, आपल्याकडे दर साल फाल्गुनात घरबसल्या होतं. फक्त हीरोईनला सांगून ठेवा की सीन एकदाच होईल, रिटेक एक वर्षानी. आणि कॅमेरा पॉलिथिनमधे गुंडाळा, एक नाही, तीन पिशव्या.

रोबोट पण तयार आहेत. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाकी, म्हणजे गाड्यांवरचे देखावे निघतात त्यात मान हलवणारा रावण, तोंड उघडणारी मगर, पंख फडफडवणारा गरुड, सगळं मोटरवर. झाकी संपली की ते कारागीर आणि त्यांच्या मोटरी अकरा महिने मोकळ्या. गरुडाला चंदेरी रंग मारला की टेहळणी ड्रोन. चोच काढायची की नाही ते बजेट बघून ठरवा.

यान घरीच बनवा. यात लाज वाटून घेऊ नका, रॉजर कॉर्मन या स्वस्तातल्या पिक्चरवाल्याच्या कंपनीनं १९८० मधे स्टार वॉर्सच्या लाटेवर बॅटल बियाँड द स्टार्स काढला तेव्हा त्याचं आर्ट डायरेक्शन जेम्स कॅमेरून नावाचा एक पोरगा बघत होता, तोच, पुढे टायटॅनिक आणि अवतारवाला. आणि कॉर्मन एवढा हिशोबी की त्या पिक्चरमधल्या यानांच्या लढाया त्यानं १९८३ च्या स्पेस रेडर्समधे परत वापरल्या, म्युझिकसकट. आपल्या घरात दिवाळीचा आकाशकंदील दुसऱ्या वर्षी काढतात तसं. फक्त इंदूरमधे एक अडचण आहे, आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येऊन राहिलंय त्यामुळे भंगार टिकत नाही. मी थर्माकोल, दोन सीडी, एक जुना मिक्सरचा जार आणि पाइपचे तुकडे जोडून तीन रात्री जागून एक यान केलं होतं, सकाळी उठलो तर ते नव्हतं, आई म्हणाली ते होय, सुक्यात टाकलं, मिक्सरचा जार ओल्यात टाकायचा होता का?

ज्या कचरागाडीत यान गेलं तिचं गाणं पुढे मंगळावरच्या सीनमधे पण आलं. हीरो मरतोय, हीरोईन रडतेय, मागून कचरागाडी. मावसभाऊ कॅटला कामाला आहे, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, त्याला दाखवलं तर म्हणाला मंगळावर हवा इतकी विरळ आहे की आवाज मुळात नीट जाणारच नाही. म्हणून सांगतो, सायन्सवाल्यांना लांब ठेवा. त्यांच्याकडे तिथं इंडस-२ नावाचं १७२ मीटर घेराचं यंत्र आहे, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गोल फिरतात, खरोखर फिरतात, आपल्या गावात, पण त्यावर पिक्चर काढायच्या भानगडीत पडू नका, कव्हरवर स्फोट कुठला दाखवणार.

हिरवा पडदा एम. टी. क्लॉथ मार्केटमधून घ्या, घासाघीस करून. हिरवाच का, तर माणसाच्या कातडीत तो रंग नसतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर हिरवा सगळ्यात चांगला पकडतो, त्यामुळे कॉम्प्युटरला सांगता येतं की हिरवं दिसेल ते उडव आणि तिथं मंगळ टाक. सॉफ्टवेअरला पण पैसे नकोत, ब्लेंडर फुकट आहे. पण ज्यांनी हे तंत्र काढलं त्यांच्या घरी मराठी आत्या नसणार. आमच्या शूटिंगला आत्या चहा घेऊन आली, श्रावणातला मंगळवार, अंगावर हिरवी साडी, हातात हिरव्या बांगड्या, आणि आम्ही कॅमेरा चालूच ठेवला होता. कॉम्प्युटरनं आज्ञा पाळली. मंगळाच्या लाल वाळवंटावरून आत्याचं डोकं, दोन हात आणि सहा कप चहाचा ट्रे तरंगत येतो आणि डोकं म्हणतं, साखर कमी वाटली तर सांगा रे. पूर्ण पिक्चरमधला सगळ्यात भारी इफेक्ट तोच आहे आणि आम्ही तो ठेवला.

एक नावाजलेला म्हातारा नट पाहिजेच. १९७८ च्या स्टारक्रॅश नावाच्या इटालियन पिक्चरमधे, ज्यात तारे दिवाळीच्या लाइटिंगसारखे रंगीबेरंगी आहेत, ब्रह्मांडाचा सम्राट कोण आहे तर क्रिस्टोफर प्लमर. त्याच प्लमरला पुढे ८२ व्या वर्षी ऑस्कर मिळालं. तेव्हा तुमच्या ओळखीत नाट्यस्पर्धेत कधीकाळी बक्षीस मिळालेले कोणी काका असतील तर त्यांना गाठा, सम्राट करा, खुर्चीवर बसवा, एका दिवसात सगळे डायलॉग उरकून घ्या. ते बसल्या बसल्या नाट्यगीत म्हणतील, म्हणू द्या, परग्रहाची भाषा आहे म्हणून खाली वेगळं सबटायटल टाका.

कोर्टाची नोटीस आली तर पेढे वाटा, एवढी जाहिरात पैसे देऊन होत नाही. २०१२ मधे बॅटलशिप या मोठ्या पिक्चरवाल्यांनी केस केली तेव्हा असायलमनं अमेरिकन बॅटलशिपचं अमेरिकन वॉरशिप्स केलं आणि पुढे चालू पडले. त्याच वर्षी त्यांनी एज ऑफ द हॉबिट्स काढला तेव्हाचा बचाव तर सोन्याच्या फ्रेममधे लावण्यासारखा आहे. म्हणे आमचे हॉबिट टोल्किनच्या कादंबरीतले नाहीतच, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर २००३ मधे बुटक्या आदिमानवाची हाडं सापडली, त्याला शास्त्रज्ञ लाडानं हॉबिट म्हणतात, आम्ही त्याच्यावर पिक्चर काढला. हाडं खरी आहेत हो, टोपणनाव पण खरं. तरी कोर्टानं ऐकलं नाही, नाव बदलायला लागलं. पण सायन्स फिक्शन आणि सायन्स यांची गाठ त्यांनी निदान वकिलाच्या ऑफिसात तरी घालून दिली.

आता एक धोका सांगतो. पिक्चरवर जीव जडू देऊ नका. तुर्कस्तानात १९८२ मधे एकानं स्टार वॉर्सची फिल्म सरळ कापून आपल्या पिक्चरमधे चिकटवली, हीरोच्या मागे पडद्यावर हॉलिवूडची यानं उडतायत आणि हा पुढे हेल्मेट घालून माना हलवतोय, म्युझिक पण लोकांचं, आणि तरी तो हीरो दगडांवर असल्या काही उड्या मारतो की वाटतं हा खरंच जग वाचवायला निघालाय. मालेगावात बघा, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत माणूस सुपरमॅन झाला, हिरव्या कापडासमोर उडाला, त्या खटाटोपावर २००८ मधे डॉक्युमेंटरी निघाली आणि ती जगभर फिरली. या लोकांनी कोणाला फसवलं नाही, नाव पण लपवलं नाही, त्यांना फक्त तो पिक्चर आपल्या गावात करून बघायचा होता. असं करू नका. असं केलं की माणूस रात्र-रात्र जागतो, घरचे पैसे जातात, यान सुक्या कचऱ्यात गेलं तर रडायला येतं. असायलमवाले रडत नसतील, त्यांचा पुढचा पिक्चर पुढच्या महिन्यात असतो.

परवा तो मोठा एलियनवाला पिक्चर, ओरिजिनल, टीव्हीवर लागला होता. नानाकाका आता ऐंशीचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. यान आलं, पूर्ण शहर झाकून टाकणारं, पाच मिनिटं हललं नाही, खिडक्यांच्या काचा थरथरल्या एवढा आवाज. काकांनी सेवेची मूठ तोंडात टाकली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, कॉपी केलीय रे आपल्या डीव्हीडीची, पण ती बोळकांडी नाही जमली यांना.