तेरा डॉलर, सात डॉलर आणि मॅसॅच्युसेट्सची 54वी पलटण

फुले जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी माझ्या भाच्याने भाषण लिहिलं होतं. त्यात 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेवर एक चांगला परिच्छेद होता. अमेरिकेतल्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जो त्याग केला, त्याचा गौरव म्हणून जोतीरावांनी 1873 साली ते पुस्तक त्यांना अर्पण केलं. ऐनवेळी पोराने तो परिच्छेदच गाळला. का, म्हणून विचारलं तर त्याने फोन पुढे केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला लांबलचक मजकूर, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का. नंतर तोच मजकूर मला इतर ग्रुपांवरूनही आला. शिकलेसवरलेले लोक खाली हात जोडून 'डोळे उघडले' असं लिहीत होते. हे मला सहन होत नाही, म्हणून हे उत्तर.

मजकूर थोडक्यात असा : अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत 1861 ते 1865 मध्ये झालेलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, ते करांवरून झालं. काळ्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी काही केलं नाही, त्यांना ते आयतं मिळालं. उत्तरेकडून लढलेल्या काळ्या शिपायांच्या ज्या 54व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे गोडवे गातात, ती पगारासाठी जमलेली भाडोत्री माणसं होती. दक्षिणेच्या वॅग्नर किल्ल्यासमोर ती पळाली आणि वाटेत तिने गावं जाळली. उलट हजारो काळे लोक राजीखुशीने दक्षिणेच्या बाजूने लढले. तात्पर्य काय, तर फुल्यांची अर्पणपत्रिका अज्ञानातून आलेली.

करांचा मुद्दा आधी उरकतो, कारण तो टिकतच नाही. डिसेंबर 1860 ते फेब्रुवारी 1861 या काळात दक्षिणेतली सात राज्यं देशातून फुटून निघाली. ज्या वाढीव जकातीचं नाव पुढे केलं जातं, तो कायदा मार्च 1861 मध्ये, म्हणजे त्यानंतर मंजूर झाला. मिसिसिपीने फुटताना स्वतःचं जाहीरनामापत्र काढलं. त्यात सुरुवातीलाच लिहिलंय, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. फुटणाऱ्यांनी स्वतःच्या सहीने कारण लिहून ठेवलंय, तर दीडशे वर्षांनी आपण त्यांच्या वतीने दुसरं शोधायची गरज नाही. एवढं मात्र मान्य करावं लागतं, की उत्तरेने लढाई सुरू केली ती देश एकत्र ठेवण्यासाठी. गुलामांची मुक्ती हे युद्धाचं ध्येय झालं ते 1 जानेवारी 1863 च्या लिंकनच्या घोषणेनंतर. 54वी पलटण उभी राहिली तीही या घोषणेनंतरच.

आता पगार. सगळ्यात संतापजनक खोटं हेच आहे.

फेब्रुवारी 1863 पासून मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ही पलटण उभी करायला घेतली. गुलामीतून निसटून पुढे काळ्यांचे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी आवाहन लिहिलं आणि स्वतःचे दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, पलटणीत घातले. भरती होताना शिपायांना शब्द दिला होता, की गोऱ्या शिपायाला मिळतो तोच पगार तुम्हाला मिळेल, महिना 13 डॉलर. भरतीच्या वेळी 50 डॉलरचं बक्षीसही होतं, हे खरं आहे. भरतीचं बक्षीस गोऱ्या पलटणींनाही मिळे. मग दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, वॅग्नरच्या हल्ल्यात निम्मी पलटण कापली गेल्यावर, पगार वाटणारा अधिकारी आला आणि त्याने हातावर ठेवायला काय काढलं? दहा डॉलर. त्यातले तीन कपड्यांसाठी कापायचे. उरले सात. कारण काय, तर 1862 चा एक कायदा. तो खंदक खणायला, छावणीत हमाली करायला ठेवलेल्या काळ्या मजुरांसाठी होता आणि सरकारने तोच बंदूकधारी शिपायांना लावला.

पलटणीने पैसे घेतले नाहीत. सातही नाहीत, दहाही नाहीत.

भाडोत्री माणूस काय करतो? मिळतील तेवढे खिशात घालतो आणि जास्तीसाठी कुरकुरतो. हे लोक बिनपगारी लढत राहिले. नोव्हेंबर 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ठराव केला, की केंद्र सरकार जे कमी देतंय तेवढी भर राज्य घालेल. म्हणजे शिपायाच्या हातात पुरे 13 डॉलर पडले असते. तेही त्यांनी नाकारले. घरी बायकापोरांचे हाल चालले होते, पत्रांतून कळत होतं, तरी नाकारले. राज्याने खिशातून भर घालून दिलेला पगार घेतला असता, तर केंद्र सरकारच्या दप्तरी ते मजूरच राहिले असते. पैशाचा प्रश्न होता तर तो त्या दिवशी सुटला होता.

जेम्स हेन्री गुडिंग नावाचा कॉर्पोरल होता, न्यू बेडफर्डचा. पूर्वी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर काम केलेला. 28 सप्टेंबर 1863 ला वॅग्नर किल्ला असलेल्या मॉरिस बेटावरच्या छावणीतून त्याने थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनना पत्र लिहिलं. मुख्य प्रश्न एवढाच आहे, असं म्हणून त्याने विचारलं : आम्ही शिपाई आहोत की मजूर? शिपायाचं कर्तव्य आम्ही बजावलंय, मग शिपायाचा पगार का नाही? हे पत्र आजही शब्दशः उपलब्ध आहे, शंका असेल त्याने वाचावं. गुडिंग पुढे फेब्रुवारी 1864 मध्ये फ्लोरिडातल्या ऑलस्टीच्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि जुलैमध्ये अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध तुरुंगछावणीत मेला. समान पगाराचा कायदा जूनमध्ये झाला होता. त्या पगारातला एक डॉलरही त्याच्या हातात पडला नाही. या माणसाला भाडोत्री म्हणायचं?

आणि हा हट्ट फक्त 54व्या पलटणीचा नव्हता. उत्तरेच्याच सैन्यातल्या तिसऱ्या साउथ कॅरोलायना या काळ्या पलटणीतल्या विल्यम वॉकर या सार्जंटने पगाराच्या याच अन्यायावरून आपल्या माणसांना बंदुका खाली ठेवायला लावल्या. त्याच्यावर बंडाचा खटला चालला आणि 29 फेब्रुवारी 1864 ला त्याला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या.

जून 1864 च्या समान पगाराच्या कायद्यातही पाचर होतीच. 19 एप्रिल 1861 ला जे स्वतंत्र होते, त्यांनाच भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी मिळणार. पलटणीत त्या तारखेला कागदोपत्री गुलाम असलेलेही काही जण होते. आता त्यांना वेगळं काढायचं? पलटणीचा तेव्हाचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल हा फिलाडेल्फियाच्या क्वेकर, म्हणजे गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, घराण्यातला. त्याने शपथेचा मसुदा असा केला, की '19 एप्रिल 1861 ला किंवा त्याआधी मी कुणाचंही बिनमोबदला श्रमाचं देणं लागत नव्हतो.' गुलाम मालकाचं असं कुठलंही देणं न्यायाने लागतच नाही, त्यामुळे प्रत्येकाने हात वर करून खरी शपथ घेतली. 1864 च्या सप्टेंबरअखेरीस पगार वाटला गेला. भरतीपासून जवळपास दीड वर्षाने.

हे सगळं मी कुठून सांगतोय? मुख्यतः लुईस एमिलिओच्या इतिहासातून. एमिलिओ याच पलटणीत कॅप्टन होता. वॅग्नरच्या हल्ल्यात वरचे अधिकारी मेले किंवा जखमी झाले, तेव्हा उरलेल्या पलटणीची सूत्रं या अठरा वर्षांच्या पोराने घेतली होती. पुढे 1891 साली त्याने पलटणीचा इतिहास छापला. तो गोरा होता, आपल्या माणसांवर त्याचं प्रेम होतं, हे धरूनच ते पुस्तक वाचावं. पण तारखा, हुकूम आणि हानीचे आकडे त्यात कागदपत्रांवरून आले आहेत.

वॅग्नरसमोर पळाले म्हणे. 18 जुलै 1863 ची संध्याकाळ. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे वाळूची पट्टी, आणि किल्ल्याजवळ ती इतकी चिंचोळी होते, की कडेचे शिपाई पाण्यातून चालत होते. पलटण आदल्या दोन रात्री धड झोपलेली नव्हती, पोटात फारसं काही नव्हतं. सगळ्यात पुढे यांनाच ठेवलं होतं. सुमारे सहाशे जण गेले, त्यातले 270 च्या आसपास मेले, जखमी झाले किंवा हाती लागले. पंचवीस वर्षांचा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तटावर चढून तिथेच पडला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. त्याच्या वडिलांनी लिहून कळवलं, की देह हलवू नका, त्याच्या माणसांत त्याला राहू द्या. सार्जंट विल्यम कार्नी हा व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला. झेंडा धरलेला माणूस पडला, तेव्हा कार्नीने झेंडा उचलला, तटापर्यंत नेला, आणि जखमांवर जखमा झेलत परत आणला.

हल्ला फसला, हे खरं. पण त्यांच्यामागून गोऱ्यांच्या दोन ब्रिगेडी त्याच तटावर गेल्या आणि त्याही मागे रेटल्या गेल्या. त्या संध्याकाळी उत्तरेची एकूण हानी दीड हजारावर गेली. आठवडाभर आधी, 11 जुलैला, याच किल्ल्यावर फक्त गोऱ्या पलटणींनी हल्ला केला होता. तोही फसला होता. त्यांना कुणी पळपुटे म्हणत नाही. किल्ला हल्ल्याने कधी पडलाच नाही. खंदक पुढे सरकवत वेढा घातल्यावर सप्टेंबरमध्ये शत्रू तो रात्री सोडून गेला, आणि ते खंदक खणण्यातही 54वी पलटण होती.

याच आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल पेटली होती आणि जमाव रस्त्यावर काळ्या माणसांना गाठून मारत होता. पलटणीतल्या रॉबर्ट सिमन्स या सार्जंटच्या लहानग्या भाच्याला त्यात मारलं गेलं. इकडे सिमन्स वॅग्नरवर जखमी होऊन पकडला गेला आणि चार्ल्स्टनमध्ये कैदेत मेला. पकडले गेल्यावर काय होईल हेही त्यांना ठाऊक होतं. दक्षिणेच्या काँग्रेसने मे 1863 मध्येच ठराव केला होता : काळ्या पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मृत्युदंड देता येईल, आणि काळे शिपाई राज्यांच्या हवाली करायचे. याचा अर्थ पुन्हा गुलामी किंवा फाशी.

ऑलस्टीचं आणखी एक सांगतो. फ्लोरिडातल्या त्या लढाईत उत्तरेचा सपाटून पराभव झाला आणि माघारीची पाठराखण करायला 54व्या पलटणीला पुढे काढलं. पुढे धावताना त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या नावाने आणि 'महिना सात डॉलर'च्या नावाने आरोळी ठोकली. परतताना जखमींनी भरलेल्या गाडीचं इंजिन बंद पडलं. गाडी तिथेच राहिली असती तर जखमी शत्रूच्या हाती पडले असते. दिवसभर चालून, लढून आलेल्या या लोकांनी इंजिनाला आणि डब्यांना दोर बांधले आणि गाडी रुळावरून हाताने ओढत नेली. तेव्हा त्यांना पगाराचा एक पैसाही मिळालेला नव्हता.

गाव जाळल्याचं खरं आहे. 11 जून 1863, जॉर्जियातलं डेरियन. गाव जवळपास रिकामं होतं, कुणी प्रतिकार केला नव्हता, आधी लुटलं आणि मग पेटवलं. हुकूम दुसऱ्या पलटणीच्या कर्नल माँटगोमेरीचा होता. शॉने घरी आणि वरही लिहून त्याचा निषेध केला. पण 54वी पलटण तिथे होती आणि त्या कामात तिचा हात होता. हे झाकायचं कारण नाही. एक गाव म्हणजे 'गावं' मात्र होत नाहीत.

तसंच, पलटणीतले बहुतेक जण उत्तरेत राहणारे, जन्मापासून स्वतंत्र होते, आणि अधिकारी जवळपास शेवटपर्यंत गोरे होते. स्टीफन स्वेल्स या काळ्या सार्जंटला गव्हर्नरने लेफ्टनंट केलं 1864 मध्ये. युद्धखात्याने ते मान्य करायला 1865 उजाडलं. ही पहिली काळी पलटणही नव्हे, कॅन्सस आणि लुइझियानातल्या पलटणी आधी लढल्या होत्या. पण यातून निघतं काय? ज्यांच्या पायात बेडी नव्हती असे लोक बेडीत असलेल्यांसाठी मरायला गेले. जोतीरावांना अर्पणपत्रिकेत गौरवायची होती ती हीच निरपेक्ष वृत्ती. अर्पणपत्रिकेतले 'अमेरिकेतले सज्जन लोक' म्हणजे फक्त गोरे, असं त्या मजकुराच्या लेखकाने गृहीत धरलं. गुडिंग, कार्नी आणि डग्लसचे मुलगेही अमेरिकेचेच लोक होते.

राहिले दक्षिणेकडून लढलेले 'हजारो'. हजारो काळी माणसं दक्षिणेच्या छावण्यांत होती, यात शंका नाही. मालकांबरोबर नोकर म्हणून, स्वयंपाकी म्हणून, तटबंदीवर खणायला, वेठीला धरलेली. शिपाई म्हणून त्यांना घ्यायचा कायदा दक्षिणेने केला 13 मार्च 1865 ला, आणि दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला 9 एप्रिलला. मधे महिनाही नाही. त्या कायद्याची चर्चा चालली होती तेव्हा त्यांचाच जनरल हॉवेल कॉब याने लिहिलं, की गुलाम चांगले शिपाई होणार असतील, तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धान्तच चुकीचा ठरतो. तोपर्यंत उत्तरेच्या बाजूने भरती झालेल्या काळ्या शिपायांची संख्या 1,79,000 च्या घरात होती, आरमारातले आणखी वेगळे. त्यातले सुमारे 40,000 परत आले नाहीत, बहुतेक रोगराईने गेले.

ली शरण गेल्यावरही 54वी पलटण दक्षिण कॅरोलायनात लढत होती. 18 एप्रिल 1865 ला बॉयकिन्स मिलजवळ तिचा एक लेफ्टनंट गोळी लागून पडला. एमिलिओचं पुस्तक आता हक्कमुक्त आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतं, आणि त्याच्या शेवटी पलटणीची नामावली आहे. पुन्हा तो मजकूर कुणी पाठवला, तर हे उत्तर त्याच्याखाली चिकटवा आणि त्यातला भाडोत्री नेमका कोण, ते त्या नामावलीत बोट ठेवून दाखवायला सांगा.