झाकण लावण्याआधी ‘पॉवरसेव्ह’ कशाला?

मे महिना लागला की जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘भाऊ, लिनक्स वापरत असाल तर लॅपटॉपचं झाकण लावण्याआधी गव्हर्नर पॉवरसेव्हवर टाका. नाहीतर झोपेतही प्रोसेसर फुल स्पीडवर राहतो, बॅटरी उतरते, बॅग तापते. कर्नल काही बघत नाही, उठल्यावर सेटिंगही उडतं. खालची स्क्रिप्ट टाका, नुकसान काहीच नाही.’ बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना बॅगेतला लॅपटॉप गरम लागला की माणूस घाबरणारच. पण निदान चुकलंय. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. गव्हर्नर म्हणजे प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेग, किती ठेवायचा ते ठरवणारा त्याचा भाग; पॉवरसेव्ह हा त्यातलाच एक.)

‘झोपेतही फुल स्पीड’: सस्पेंड, म्हणजे लॅपटॉपची झोप, ‘डीप’ प्रकारचा असेल तर प्रोसेसरची वीजच तुटते. रॅमला तेवढी मिळते, तीही आतला मजकूर टिकण्यापुरती. ‘एस-टू-आयडल’ हा दुसरा, हलक्या झोपेचा प्रकार असेल तर प्रोसेसरचे कोअर खोल आयडलमध्ये (रिकामं बसण्याच्या अवस्थेत) जातात, त्यांचा क्लॉक थांबलेला असतो. थांबलेल्या क्लॉकची फ्रिक्वेन्सी उतरवून काय वाचणार?

‘कर्नल बघत नाही, सेटिंग उडतं’: हे कधीकाळी खरं होतं. ‘डीप’ सस्पेंड होताना कर्नल एक बूट सीपीयू ठेवून बाकीचे ऑफलाइन करतं. पूर्वी एखाद्या पॉलिसीतला (एकत्र वेग बदलणाऱ्या सीपीयूंच्या गटातला) शेवटचा सीपीयू गेला की तिच्या गव्हर्नरच्या ट्युनेबल्सची, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंगांची, मेमरीही मोकळी व्हायची, आणि उठल्यावर आपण घातलेल्या किमती गायब. कर्नल डेव्हलपर विरेश कुमार यांच्या पॅचने (कोडमधल्या दुरुस्तीने) हे मिटलं. तो २०१४ मध्ये ३.१५ कर्नलात आला. तेव्हापासून डिव्हाइस झोपवायला घेण्याआधीच कर्नल गव्हर्नर थांबवतं, आणि डिव्हाइस उठल्यावरच तो परत चालू करतं. एवढ्या लवकर का? बऱ्याच एआरएम (मोबाइलसारख्या प्रोसेसरच्या) बोर्डांवर प्रोसेसरला व्होल्टेज देणारा रेग्युलेटर आय-टू-सी बसवर, म्हणजे चिप्सना जोडणाऱ्या तारांवर, लटकलेला असतो. बस आधी झोपली आणि मागून गव्हर्नरने फ्रिक्वेन्सी वाढवायला सांगितली, तर व्होल्टेज वाढवणार कोण? एखाद्या ड्रायव्हरला ठरावीक फ्रिक्वेन्सीवर जाऊनच झोपायचं असेल तर तेही बस जागी असतानाच उरकतं. त्यासाठी पॉलिसीत ‘सस्पेंड-फ्रीक’ ही वेगळी जागा आहे. दहा वर्षांहून जुन्या दुखण्यावरचं औषध आज वाटू नका, ही कळकळीची विनंती.

‘नुकसान काहीच नाही’: आहे. फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ‘एसीपीआय-सीपीयूफ्रीक’ ड्रायव्हरवर पॉवरसेव्ह म्हणजे किमान फ्रिक्वेन्सीला खिळवणं. उठताना स्क्रिप्टचा दुसरा भाग चालला नाही तर मशीन तिथंच रखडतं, आणि पोरगं ‘लॅपटॉप जुना झाला’ म्हणत रॅम वाढवायला दुकानात जातं. इंटेलच्या प्रोसेसरांसाठीच्या ‘इंटेल-पीस्टेट’ ड्रायव्हरच्या अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये तर पॉवरसेव्हही लोड बघून फ्रिक्वेन्सी वर-खाली करतो, म्हणजे उपाय लागूच पडत नाही.

मग बॅग का तापते? बहुतेक वेळा लॅपटॉप झोपलेलाच नसतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘सस्पेंड एंट्री’ आणि ‘सस्पेंड एक्झिट’ या ओळींच्या वेळा बघा. झाकण लावल्यावर लगेच एक्झिट दिसली तर माऊस, नेटवर्क कार्ड असं कोणीतरी उठवतंय. त्याचं वेकअप (मशीन उठवण्याची मुभा) बंद करा. मध्ये तासांचं अंतर असूनही बॅटरी उतरत असेल, तर एस-टू-आयडलमध्ये एसएसडी किंवा वायफायसारखं एखादं डिव्हाइस नीट झोपत नसावं. सिस-पॉवरमधली मेम-स्लीप फाइल (/sys/power/mem_sleep) उघडा. तिच्यात ‘डीप’ दिसत असेल तर तो निवडून एक रात्र बॅटरी तपासा.