पिस्तूल कमरेला, पण वर्ग कोणावर सोडायचा?

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की शिक्षकांना शस्त्रे द्या, ही मागणी नव्याने फिरू लागते. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेल्यानंतर आठवड्याभरातच नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेचे वेन लापिएर यांनी, बंदूकधारी दुर्जनाला केवळ बंदूकधारी सज्जनच थांबवू शकतो, अशा आशयाचे विधान केले होते. तेच आता या मागणीचे बोधवाक्य होऊन बसले आहे. त्यात तीन गृहीतके दडलेली आहेत.

पहिले असे, की आवारात शस्त्र असेल तर हल्लेखोर फिरकणार नाही. कोलंबाइन (१९९९), पार्कलंड (२०१८) आणि टेक्सासमधील सांता फे (२०१८) या तिन्ही शाळांत सशस्त्र अधिकारी नेमलेले होते. हल्लेखोर त्याच शाळांचे आजी-माजी विद्यार्थी होते. त्यांना हे ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

दुसरे असे, की तो आलाच तर त्याला लगेच टिपता येईल. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील चकमकींचा रँड या संशोधन संस्थेने अभ्यास केला, तेव्हा समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांचा नेम सुमारे १८ टक्के वेळाच लागल्याचे दिसले. ही गत रोज शस्त्र बाळगणाऱ्यांची. ओहायोने मात्र २०२२ मध्ये सशस्त्र शिक्षकांसाठीची प्रशिक्षणाची अट ७०० हून अधिक तासांवरून २४ तासांवर आणली, आणि चुकलेली गोळी मुलांनी भरलेल्या इमारतीतच कुठेतरी जाऊन लागणार असते. जॉर्जियातील अपालाची शाळेत २०२४ मध्ये शाळेवरील अधिकाऱ्यांसमोर हल्लेखोर शरण आला, हे मान्य केलेच पाहिजे. पण तोवर चौघांचा जीव गेला होता, आणि त्या अधिकाऱ्यांना सांभाळायला वर्ग नव्हता.

तिसरे गृहीतक, शिक्षक तर तिथेच असतो, हे सर्वांत पटण्याजोगे वाटते आणि खरी गोम तिथेच आहे. शिक्षकांना शिकवलेले असते ते दार लावून घ्यायला, दिवे मालवायला आणि मुलांना दारातून दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात गप्प बसवायला. पिस्तूल घेऊन तो मुलांजवळ थांबला, तर ते एकाच खोलीचे रक्षण करते; बाहेर पडला, तर भेदरलेली मुले मोठ्या माणसाविना मागे राहतात. बाहेर पडून तरी तो हल्लेखोर नसून शिक्षक आहे, हे ओळखणार कोण? कोलोरॅडोतील हायलंड्स रँच येथे २०१९ मध्ये शाळेच्या खासगी सुरक्षारक्षकाने एका हल्लेखोराला पकडले खरे, पण धावून आलेल्या पोलिसालाही हल्लेखोर समजून गोळी झाडली आणि त्यात विद्यार्थी जखमी झाला. त्याच राज्यात अर्वाडा येथे २०२१ मध्ये (ही घटना शाळेतील नव्हे, पण पेच तोच) हल्लेखोराला टिपणारा नागरिक, हल्लेखोराचीच रायफल हातात घेतलेला असतानाच, पोलिसाच्या गोळीने मेला. शिवाय समोर येणारा बहुधा कालपर्यंत याच वर्गात बसलेला मुलगा असतो, ही गोष्ट कोणत्या प्रशिक्षणात बसवायची?

पार्कलंडमध्ये १७ जण मारले जात असताना इमारतीबाहेर थांबलेल्या अधिकाऱ्यावर खटला चालला. २०२३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. त्याचे काम निदान एकच होते. पिस्तूल स्वीकारून आपल्या पंचवीस मुलांपाशी थांबलेल्या शिक्षकाने कर्तव्य केले की टाळले, हे ही मागणी करणारे सांगत नाहीत.